फूड कोर्टच्या खालचं खळं

"सुनीता, इथे तर माझी कोळंबीवाली मावशी बसते," एमिलियो म्हणाला आणि त्याने भिंतीवरच्या फूड कोर्टवर बोट ठेवलं.

ठाण्याच्या आमच्या ऑफिसात प्रेझेंटेशनची रंगीत तालीम चाललेली. खाडीकाठी एक प्रॉमेनाड व्हायचा होता. प्रॉमेनाड म्हणजे फिरायला बांधलेला लांबलचक रस्ता, बाके, दिवे, झाडं वगैरे. त्याची थ्रीडी फिल्म आम्ही बघत होतो. फिल्ममध्ये सगळी माणसं सडपातळ असतात आणि कुणाच्याच हातात भाजीची पिशवी नसते. तर अशी माणसं आइस्क्रीम खात खात वळणावर आली, गावदेवीचं छोटं देऊळ दिसलं, उंबराचं झाड दिसलं आणि झाडापलीकडे फूड कोर्ट.

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "तिथे मोकळी जागा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. नकाशा माझा आहे."

"फूड कोर्ट माझं आहे," तो म्हणाला. "तरी मावशी तिथेच बसते. ते देऊळ, ते झाड. गेला हिवाळाभर मी दर रविवारी गेलोय."

मी सर्व्हेअर. जमीन मोजणं हा माझा धंदा, पंचवीस वर्षं झाली. आर्किटेक्ट, इंजिनिअर, प्लॅनर मंडळी जे काही सुंदर सुंदर काढतात ते सगळं आमच्या नकाशावर काढतात. त्याला बेस मॅप म्हणतात. जमिनीवर आज काय आहे ते त्यात असतं: घर, विहीर, झाड, गटार, विजेचा खांब. जे आम्ही दाखवलं नाही ते वरच्या लोकांच्या दृष्टीने जगात नसतंच. त्यामुळे सर्व्हेअरने चूक केली की ती सगळ्यांच्या चुकांची आई होते.

एमिलियो हा आमचा अर्बन डिझायनर. मेक्सिकोचा. मधल्या भागातल्या कुठल्याशा शहराचा, ज्याचं नाव मला चार वर्षांत नीट उच्चारता आलेलं नाही. माजिवड्याला तेविसाव्या मजल्यावर राहतो. सकाळी गॅलरीत कॉफी घेऊन उभा राहतो आणि क्रेन मोजतो. ऑफिसात आल्यावर पहिलं वाक्य, "आज एक वाढली." त्याला ठाणं बेहद्द आवडतं. मेट्रोचे खांब आवडतात, उसाचा रस आवडतो, लग्नाच्या वरातीमुळे अडकलेला ट्रॅफिकसुद्धा आवडतो. तो इंग्रजीच बोलतो, मध्येच हिंदी आणि त्या कोळंबीवाल्या मावशीकडून, म्हणजे हिराबाईंकडून, उचललेलं मराठी. मी इथे सगळं मराठीत लिहितेय.

मी कोपरला राहते, डोंबिवली पश्चिमेला. त्याच्याकडे मी कायम कुरकुरते. मानपाड्याला मी पहिल्यांदा मोजणी केलेली तेव्हा तिथे भाताची खाचरं होती आणि लांबवर कंपन्यांची धुरांडी. आता बिल्डिंगांमधून आभाळ शोधावं लागतं. एमिलियो हसतो. म्हणतो, "आमच्या शहरात बाहेरून गोरे लोक राहायला आले. दोन वर्षं झाली की म्हणतात, शहर बिघडलं हो, पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी म्हणजे ते आले त्या वर्षी. मी इथला तो गोरा आहे. मी शपथ घेतलीय, असलं कधी बोलणार नाही."

पण त्या दिवशी तो हसत नव्हता. त्याने लॅपटॉपवर त्याचे डिसेंबरचे फोटो उघडले. देऊळ होतं, उंबर होता आणि पुढे सारवलेलं, लख्ख, टेनिस कोर्टाएवढं, मासळी सुकवायचं खळं. त्यावर गुलाबी जवळा पसरलेला. कडेला सुकी कोळंबी. मध्ये हातात खराटा घेऊन हिराबाई, कॅमेऱ्याकडे संशयाने बघताहेत. एमिलियोची आई म्हणे ईस्टरआधीच्या उपासात, मटण चालत नाही तेव्हा, सुक्या कोळंबीचे वडे करते. त्या वड्यांसाठी हा तिथे जाऊ लागला.

मी माझा ड्रोनचा फोटो उघडला. तीच जागा, गुडघाभर हिरवं गवत. कोपऱ्यात एक बकरी.

मी खुर्ची ओढून खाली बसले. कारण फोटोच्या खाली तारीख होती आणि ती श्रावणातली होती.

आता हे नीट सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. मासळी सुकवायला ऊन लागतं. पावसाळ्यात कोळी होड्या वर ओढतात, नारळी पुनवेपर्यंत खाडीत जात नाहीत, आणि गेले तरी पाऊस थांबेपर्यंत सुकवत काहीच नाहीत. ते चार महिने खळ्यावर गवत माजतं. आणि आमच्या ऑफिसला गणपतीच्या आत सर्व्हे उरकायची घाई होती. पावसाने दोन दिवस उघडीप दिली, आम्ही ड्रोन उडवला. ड्रोनला गवत दिसलं. आम्ही रंग भरला, 'व्हेकंट', म्हणजे मोकळी जागा.

यावर उपाय असतो. त्याला ग्राउंड ट्रुथिंग म्हणतात. वरून जे दिसलं ते खाली पायी जाऊन खरं करायचं, माणसांना विचारायचं. ते काम माझं. मी गेलेही होते. पण रस्त्यापासून पुढे ढोपरभर चिखल होता, नवीन चपला होत्या, आणि मी गाडीतूनच बघितलं. गवत आहे? आहे. झालं, सही. हे सांगायला आजही लाज वाटते, पण आहे ते आहे.

सामंत सर आमचे बॉस. माणूस वाईट नाही, फक्त त्यांच्या घड्याळात कायम आज संध्याकाळचे पाच वाजलेले असतात.

"शुक्रवारी महापालिकेच्या मोठ्या मॅडम साइटवर येणार, आणि सोमवारी तुम्हाला खळं आठवतंय?" सर म्हणाले.

"आठवत नाहीये सर. दिसलंच नव्हतं."

"सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे?"

"कुणाचंच नाही. सरकारी जागा आहे."

"मग झालं तर! वापर चालू असल्याचा पुरावा आहे का?"

मी त्यांना उपग्रहाचे जुने फोटो दाखवले. पावसाळ्यात हिरवं, फेब्रुवारीत पांढुरका चौकोन. ओळीने सहा-सात वर्षं. मला वाटलं, जिंकलो.

"करंदीकर मॅडम, हे क्रिकेटचं पिचसुद्धा असू शकतं," सर म्हणाले. "एमिलियोचे फोटो एका हिवाळ्यातले. उद्या कुणी म्हणेल, गेल्या वर्षी अतिक्रमण केलं. मॅडमना शुक्रवारी तिथे जाऊन काय दिसणार? गवत आणि बकरी. भावना नकोत, पुरावा आणा."

सर चिडून बोलले, पण मुद्दा बरोबर होता. म्हणून आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो.

हिराबाई ओट्यावर जाळं विणत बसलेल्या. वय साठीच्या पुढे, आवाज माजिवडा नाक्यापर्यंत जाईल असा. एमिलियोला बघून खूश झाल्या. "ये रे इमिल्या, बस." मग माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"तू ती पांढऱ्या गाडीवाली ना गो? श्रावनात आलेली?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही बघितलंत?"

"आमी समदी बगत होतो. कोन बाय आली म्हनून चहा ठेवलेला. तू काच पन खाली केली नाय. गेली तशीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी सरळ सांगून टाकलं, की माझ्या हातून चूक झालीय, तुमचं खळं नकाशात नाही आणि त्या जागी खाण्याचे स्टॉल लागणार आहेत.

हिराबाईंचे हात थांबले. आतून त्यांची सून बाहेर आली, शेजारणी जमल्या. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी राहिलेली नाही. ताजं मिळतं ते घरापुरतं. बायकांच्या हाती काय येतं ते हिवाळ्यात जवळा, कोळंबी सुकवून विकण्यातून. खळं गेलं तर हमरस्त्याच्या कडेला धुळीत सुकवायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

"मग कुनाच्या घरची भांडी घासू का या वयात?" हिराबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या खरोखर विचारत होत्या.

मी घाईघाईने म्हटलं, "मावशी, शुक्रवारपर्यंत गवत काढून खळं सारवून ठेवलंत, तर मॅडमना दिसेल. मी माणसं पाठवते."

"खुली झालीस काय तू? पितर चाललेत. घट बसल्याबिगर आमी खल्याला हात लावत नाय. माज्या सासूने लावला नाय, तिच्या सासूने लावला नाय. आदी गावदेवीला नारल, मग खलं."

"पण मग घट बसेपर्यंत खळंच राहणार नाही!"

"ते तू बग. तू साहेबीन हाय. नि खोटं कशाला दावायचं? आता जवला नाय तर नाय. चिकलात जवला घालून फोटो काडायला आमी काय शिनेमावाले हाव?"

एमिलियो ओट्याच्या कडेला टेकला. तो म्हणाला, त्याच्या गावी बुधवारचा बाजार भरायचा, मोठ्या पटांगणात. मोजणीवाले मंगळवारी आले. त्यांना पटांगण रिकामं दिसलं. तिथे मॉलचं पार्किंग झालं. मॉलमध्ये येणारे लोक आता विचारतात, इथे गावठी टोमॅटो कुठे मिळतात हो? हे मी मराठीत सांगितल्यावर बायका जोरात हसल्या. हिराबाई म्हणाल्या, "म्हंजी तिथं पन काच खाली नाय केली."

मी अगदीच हिरमुसले असणार, कारण त्यांनाच माझी दया आली. म्हणाल्या, "चल, खलं तर बग एकदा. बगितलं कुटं हाय तू?"

आम्ही गवतातून गेलो. ओहोटी होती. खळ्याची पलीकडची बाजू खाडीला लागून आहे आणि भरतीच्या पाण्याने ती कड कापून काढलीय. मी वाकून खाली बघितलं आणि तशीच, साडी खोचून, चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. नवीन चपलांचं काय झालं ते विचारू नका. एमिलियो मागून उतरला, त्याचा एक बूट अजूनही तिथेच आहे.

समोर खळ्याचा सेक्शन होता. सेक्शन म्हणजे एखादी गोष्ट उभी कापली की आतली जी बाजू दिसते ती. चिरोट्याचे पदर दिसावेत तसे थर होते, एकावर एक. मुरूम, त्यावर शेणाचं सारवण, त्यावर पावसाचा काळा गाळ. पुन्हा मुरूम, सारवण, गाळ. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास बायका नवा मुरूम टाकतात, चोपण्याने चोपतात, सारवतात. मग पाऊस येतो. मग पुन्हा. कुणी कुठे नोंद केलेली नव्हती आणि जमिनीत सगळं शिस्तीत लावून ठेवलेलं.

"मावशी, हे दर वर्षी करता?" मी खालून ओरडले.

"मंग काय, खलं आपसूक होतंय?" वरून उत्तर आलं.

आम्ही थर मोजायला लागलो. एमिलियोचे अडतीस झाले, माझे एकेचाळीस. भांडलो, पुन्हा मोजले, चाळीसच्या वर आहेत यावर समेट झाला. त्याखालीही होते, पण इतके दबलेले की वेगळे काढता येईनात. अगदी तळाला शिंपल्यांचा चुरा. हिराबाई म्हणाल्या, तो त्यांच्या आजेसासूच्या वेळचा, तेव्हा मुरूम मिळत नसे. मी मोजपट्टी उभी धरली, एमिलियोने फोटो काढले. एका गवताच्या काडीलाही हात लावावा लागला नाही. मला इतका आनंद झाला की मी चिखलातच टाळ्या वाजवल्या. वर बायका म्हणत होत्या, बाय खरंच खुली हाय.

शुक्रवारी मोठ्या मॅडम आल्या. बुटक्याशा, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं मोजकं. सामंत सरांनी सुरुवात केली, "मॅडम, लोकल कम्युनिटीला सोबत घेऊन..." मॅडमनी आमचे फोटो आधीच बघितलेले. त्या म्हणाल्या, "सेक्शन कुठे आहे?"

कडेवरून वाकून त्यांनी बराच वेळ बघितलं. हिराबाईंना विचारलं, "मावशी, हे तुम्ही केलं?"

"वरचं मी केलं. खालचं सासूने."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आधीच्या नकाशावर सही कुणाची?"

"माझी."

"ग्राउंड ट्रुथिंग?"

सामंत सर आभाळाकडे बघायला लागले. मला एक पळवाट माहीत होती. 'त्या काळात वापर आढळला नाही' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण हिराबाई शेजारीच उभ्या होत्या.

"गाडीतून केलं," मी म्हटलं. "चिखल होता म्हणून उतरले नाही. कुणाला विचारलं नाही."

एमिलियोने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे लिहून द्याल?" मॅडमनी विचारलं.

"देते."

तेव्हा त्यांनी समजावलं. लोकांनी मागणी केली म्हणून खळं ठेवायचं म्हटलं, तर फाइल वर जाणार, समिती बसणार, तोवर कॉन्ट्रॅक्टर फूड कोर्ट बांधून मोकळा. पण सर्व्हेअरने स्वतः लिहून दिलं की नकाशात चूक आहे, तर ती फक्त दुरुस्ती. दुरुस्तीला समिती लागत नाही. मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथेच लिहिलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकं सोपं मराठी मी कधी लिहिलं नव्हतं. ऑफिसात मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. सरांनी तो देताना "चहा घ्या" म्हटलं, यावरून समजा काय ते.

एमिलियोने दोन दिवसांत फूड कोर्ट पार्किंगच्या बाजूला नेऊन ठेवलं. म्हणाला, तिथे ते जास्त शोभतं. मॅडमनी एकच अट घातलेली: दुरुस्त नकाशा फायनल करण्याआधी कोळीवाड्यातल्या बायकांना दाखवायचा.

म्हणून आम्ही मोठी प्रिंट घेऊन गेलो आणि हिराबाईंच्या ओट्यावर अंथरली. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. मी खळ्यावर बोट ठेवलं. 'मासळी सुकवण्याचे खळे, हंगामी वापर.' सुनेने मोठ्याने वाचलं. हिराबाईंनी त्या चौकोनावरून हळूच हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. माझेही डोळे भरून आले, खोटं का बोलू.

मग त्यांचं बोट पुढे सरकलं. "नि ह्या रंगाचं काय हाय?"

"ती मोकळी जागा, मावशी."

"कसली मोकली? हितं जालं रंगवतो आमी."

एमिलियोने मार्कर काढला. शेजारीण म्हणाली, त्याच्या बाजूला होळी लागते, खड्डा ठरलेला आहे. दुसरी म्हणाली, हा पट्टा मोकळा कसा, इथून गावदेवीची पालखी वळते. तिसरी म्हणाली, लग्नाचा मांडव आणखी कुठे घालणार, डोक्यावर? सुनेने एक कोपरा दाखवला, तिथे चिंबोऱ्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, पिंजरे ठेवतात. एक म्हातारी कितीतरी वेळ चष्मा लावून शोधत होती. शेवटी तिने एका रिकाम्या तुकड्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, इथे मी संध्याकाळची बसते. एमिलियोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही.

सोमवारी सामंत सरांनी तो नकाशा टेबलावर पसरला. आडवा बघितला, उभा बघितला.

"करंदीकर मॅडम, म्हणजे या अख्ख्या कोळीवाड्यात मोकळी जागा कुठेच नाही?"

"नाही सर," मी म्हटलं. "विचारलं की राहत नाही."